ओंकारेश्वरचा प्रसाद

रामबाग, इंदूर
२४ ऑक्टोबर २०२५, रात्री साडेअकरा

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मायना बरोबर आहे ना? चौथीत असताना तुम्ही माझ्याकडून दहा वेळा लिहून घेतला होतात, त्यानंतर आजच उपयोगी पडला.

पुढच्या खोलीत दिवाणावर बसून लिहितेय. आतून बाबांचं घोरणं ऐकू येतंय. एरवी मी या घोरण्यावर किती वैतागते, आज मात्र मधूनच थांबून ते चालू आहे ना, हे ऐकतेय. सकाळी नर्मदेचे नळ येतील तेव्हा आई उठेलच, पण मी त्याआधी स्टेशनवर गेलेली असेन. पत्र जीरावन मसाल्याच्या बरणीखाली ठेवते. या घरात बाकी काहीही हरवेल, ती बरणी हरवायची नाही.

तर झालं असं. संध्याकाळी रिमोट चालेना, म्हणून सेल शोधायला टीव्हीखालचा ड्रॉवर उघडला. जुन्या लग्नपत्रिका होत्या, मिक्सरचं वॉरंटी कार्ड होतं, आणि सगळ्यांत खाली एक निळी फाईल. वर बाबांचं नाव. आत १९ ऑगस्ट ही तारीख, ॲन्जिओप्लास्टी, एक स्टेंट.

१९ ऑगस्टला मी फोन केला होता. आई, तू म्हणालीस, "बाबा ऑफिसातल्या जुन्या मंडळींबरोबर ओंकारेश्वरला गेलेत, तिथे रेंज नसते गं, दोन दिवस मुक्काम आहे." मी म्हटलं, मग माझ्यासाठी प्रसाद आणायला सांग. आणि धन्य आहे तुझी! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तू माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवलेस आणि म्हणालीस, "हा घे, तुझा ओंकारेश्वरचा." पापणीसुद्धा हलली नाही. बाबा शेजारी पेपर वाचत होते, तेही काही बोलले नाहीत. मी ते साखरफुटाणे डोळ्यांना लावून खाल्ले.

फाईल होती तशीच ठेवून दिली. जेवताना काही बोलले नाही. बोलले असते तर आई रडली असती, बाबा गच्चीवर निघून गेले असते आणि विषय मिटला असता. आपल्याकडे विषय असेच मिटतात. म्हणून लिहिते. आणि सुरुवात जरा भलत्याच ठिकाणाहून करणार आहे, ती चालवून घ्या. बूंबापासून.

बूंबा आठवतो ना? टीव्हीवरच्या 'गली गली सिम सिम'मधला, बाहुल्यांमधला तो थोराड सिंह. २००६च्या ऑगस्टमध्ये तो कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. शाळेच्या युनिफॉर्ममधली चमकी माझ्याच वयाची, त्यामुळे मी तिला मनातल्या मनात माझ्या वर्गात बसवलं होतं. गुगली होता. आंछू होती, शिंक आली की भलतीकडेच जाऊन पोहोचायची. पण आजीला आवडायचा तो बूंबा. स्वतःला राजघराण्यातला समजायचा, भांगडा करायचा आणि मुख्य म्हणजे शाकाहारी होता. आजीला त्याचं कोण कौतुक! "सिंह असून भाजी खातो बघ तो मेला, आणि आमची ही, वांगं बघितलं की तोंड फिरवते." त्याचं नाव तिला कधीच नीट आलं नाही. बोंब्या म्हणायची. मी दर वेळी सांगायचे, "आजी, बोंब्या नाही, बूंबा." ती म्हणायची, "तेच ते." मला आता वाटतं, ती मुद्दामच करत असावी.

दादा तेव्हा चौदा वर्षांचा. कार्यक्रम लागला की तो "बच्चों का प्रोग्राम" म्हणून उठून जायचा, पण दारात उभा राहून अर्धा बघायचा. आणि बाबा, तुम्ही म्हणायचात की आमच्या काळातल्या त्या एक चिडिया, अनेक चिडियाची सर याला नाही. ती फिल्म १९७४ची, आणि विजया मुळे या मराठी बाईंनी केलेली, हे मला अलीकडे कळलं. तुमच्या अभिमानात तेवढी भर घालून ठेवा.

हे सगळं डोक्यात यायला कारण झालं पुण्याचं ऑफिस. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी सगळे कंटाळून बसलो होतो. कोणाच्या तरी फोनवर त्या कार्यक्रमाची सुरुवातीची धून वाजली. आम्ही आठ जणं, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, आणि अक्षरशः सगळ्यांनी माना वर केल्या. एक लखनौचा, एक भोपाळची, दोघी नागपूरच्या. पुढचा पाऊण तास काम बंद. आंछू शिंकून कुठे कुठे गेली होती यावर भांडणं झाली. नागपूरच्या एकीकडे चमकीचं चित्र असलेलं दप्तर होतं म्हणे, तिने ते अजून टाकलेलं नाही. मग शेवटी कोणीतरी म्हणालंच, "यार, तब सब कितना सिंपल था."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पण रात्री खोलीवर आल्यावर ते वाक्य काही पचेना. सिंपल कुठे होतं? मोठ्या माणसांनी सगळं दाराआड केलं होतं, म्हणून बाहेरून सिंपल दिसत होतं.

झोप येईना म्हणून त्या कार्यक्रमाबद्दल वाचत बसले. आपला 'गली गली' हा अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट'चा भाऊबंद, हे तुम्हाला माहीत असेल. तो मूळ कार्यक्रम १० नोव्हेंबर १९६९ला सुरू झाला. बाबा, तुम्हाला आवडेल असं त्यात बरंच आहे. कार्यक्रमात कुठला भाग ठेवायचा आणि कुठला काढायचा हे ठरवायला एड पामर नावाच्या संशोधकाने युक्ती काढली होती. मुलाला टीव्हीसमोर बसवायचं आणि शेजारी एक प्रोजेक्टर लावायचा, त्यावर दर सात-आठ सेकंदांनी नवं चित्र. मूल टीव्हीवरून नजर काढून त्या चित्राकडे कधी वळतं, ते लिहून ठेवायचं. जिथे नजर हलली तो भाग कच्चा. आपल्या घरी हाच प्रयोग फुकटात चालायचा: कुकरची शिट्टी, नळ आल्याची ओरड, खाली भंगारवाला. मी दहा वेळा वळायचे. आजी एकदाही वळायची नाही.

आणखी एक. सुरू होण्यापूर्वी, १९६९च्या उन्हाळ्यात, त्यांनी काही भाग मुलांना दाखवून पाहिले. तज्ज्ञांनी बजावलं होतं की बाहुल्या आणि खरी माणसं एकत्र दाखवू नका, मुलांचा गोंधळ उडेल. म्हणून गल्लीत नुसती माणसं, बाहुल्या वेगळ्या. माणसं आली की मुलं कंटाळायची. मग तज्ज्ञांचं बाजूला ठेवून बाहुल्या करणाऱ्या जिम हेन्सनने गल्लीत माणसांमध्ये वावरणारा आठ फूट दोन इंचांचा पिवळा पक्षी आणला, बिग बर्ड. एकाही मुलाचं काही बिघडलं नाही. त्या पक्ष्याच्या आत कॅरोल स्पिनी नावाचा माणूस असायचा, उजवा हात डोक्यावर उंच धरून चोच हलवणारा. बाहेरचं त्याला दिसायचं नाही, म्हणून छातीवर एक छोटा टीव्ही बांधलेला असायचा, त्यात बघून तो चालायचा.

मुलांना काय झेपणार नाही हे मोठ्यांना फार लवकर कळतं, नाही का? हे मी त्या तज्ज्ञांबद्दल म्हणतेय. थोडं तुमच्याबद्दलही.

आता जे वाचून मी रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, ते सांगते. त्या गल्लीत एक म्हातारे दुकानदार होते, मिस्टर हूपर. विल ली नावाचे नट ते काम करायचे. १९८२च्या डिसेंबरमध्ये ते वारले. आता काय करायचं? दुसरा नट आणता आला असता, दुकान विकून गेले म्हणता आलं असतं. त्यांनी ठरवलं, मुलांना खरं सांगायचं. कसं सांगायचं यावर जाणकारांशी बोलले. आजारी पडले आणि गेले असं म्हणायचं नाही, कारण मग प्रत्येक तापाला मूल घाबरेल. हॉस्पिटलात गेले आणि गेले असंही नाही. तो भाग दाखवला २४ नोव्हेंबर १९८३ला, त्यांच्याकडच्या सणाच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे आईवडील घरी असतील आणि मूल काही विचारेल तेव्हा उत्तर द्यायला माणूस असेल.

त्यात काय होतं, तर बिग बर्ड गल्लीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं चित्र काढून आणतो. ज्याचं त्याला देतो. शेवटी एक उरतं, हूपरचं. ते कुठे आहेत, त्यांना द्यायचंय, म्हणतो. आणि ती माणसं त्याला सांगतात, ते वारले, आता परत येणार नाहीत. तो विचारतो, का पण? तर त्याला गोड काही सांगत नाहीत. याला कारण नसतं, असंच असतं, एवढंच सांगतात. त्याला हूपर हे नावसुद्धा कधी धड म्हणता आलेलं नव्हतं, दर वेळी काहीतरी चुकीचंच म्हणायचा. ते चित्र मग त्याच्या घरट्याजवळ टांगतात.

आई, तुला आता कळलं असेल मी कुठे चाललेय.

२००८च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, मला घाईघाईने देवासला मावशीकडे पाठवलंत. दहा-बारा दिवसांनी घरी आले तर आजी नव्हती. तिची काठी नव्हती, तिचा अडकित्ता नव्हता, दिवाणावरची तिची गोधडी धुऊन घडी करून कपाटावर गेलेली. मी विचारलं. बाबा, तुम्ही म्हणालात, "आजी नाशिकला गेलीये, आत्याकडे." बरं, मी म्हटलं. कार्यक्रम लागला की दिवाणावर तिची जागा सोडून बसायचे. दादा एकदा त्या जागेवर बसला तेव्हा मी त्याला चावले होते. तेव्हा दादाला मार पडला आणि मला नाही, याचं मला फार आश्चर्य वाटलं होतं.

मग मे महिन्यात आपण नाशिकला गेलो. मी आजीसाठी बूंबाचं चित्र काढून नेलं होतं, त्याच्या ताटात मुद्दाम जांभळं वांगं. आत्याच्या घरात पोहोचल्या पोहोचल्या मी ते घेऊन खोल्या बघत सुटले. पुढची खोली, मधली, स्वयंपाकघर, मागची पडवी. न्हाणीघराच्या दारावर टकटक केली. आत्या मागून आली आणि म्हणाली, "अगं काय शोधतेस?" मी सांगितलं. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ती खाली बसली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मनू, आजी वारली गं. जानेवारीतच. तुला कोणी सांगितलं नाही?"

मला वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण जास्त वाटली ती लाज. सगळ्यांना माहीत होतं, दूधवाल्यालासुद्धा, आणि मी एकटी चार महिने दिवाणावर जागा धरून बसले होते. ते चित्र आत्याने फ्रिजवर लावलं. पुढे कधीतरी नवा फ्रिज आला, चित्र कुठे गेलं कोणास ठाऊक.

तुम्ही दुष्टपणाने केलं नाहीत, हे मला कळतं. बाबा, तुमची आई गेली होती. सहा वर्षांच्या मुलीला ते वाक्य सांगायचं तर आधी स्वतः उच्चारावं लागलं असतं, आणि तेच तुम्हाला जमत नसावं. हे त्या वेळी कळण्याचं माझं वय नव्हतं. आज आहे.

पण बाबा, एरवी तुम्ही असे नव्हता, आणि म्हणूनच मला ते जास्त लागतं. त्याच्या आदल्याच वर्षीची अनंत चतुर्दशी. तुम्ही मला खांद्यावर घेऊन गिरणी कामगारांच्या झांक्या, मिरवणुकीतले ते हलते देखावे, दाखवायला नेलं होतंत. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली, लोकांचे पैसे अडकले, तरी हे कामगार झांकी काढायचे सोडत नाहीत, हे तुम्ही मला त्या वयात सांगत होतात, मला त्यातलं काय कळणार! एका झांकीवर मारुती होता, दोन्ही हातांनी छाती उघडायचा आणि आत राम-सीता. दिवे लाल. मी घाबरून किंचाळले. दुसरा कोणी बाप असता तर घरी घेऊन गेला असता. तुम्ही मला झांकीच्या मागे नेलंत. तिथे सायकलची चेन होती, एक मोटर गुरगुरत होती आणि एक माणूस पाटावर बसून विडी ओढत बटण दाबत होता. तुम्ही त्याला म्हणालात, "भिया, बच्ची को एक बार दबाने दो." मी बटण दाबलं, मारुतीने छाती उघडली. परत दाबलं, मिटली. भीती गेली ती गेलीच.

त्या माणसाने सहा वर्षांच्या पोरीला छातीच्या आत काय चालतं ते मागून नेऊन दाखवलं. तोच माणूस चोवीस वर्षांच्या पोरीला स्वतःच्या छातीबद्दल ओंकारेश्वर सांगतो? आणि दादाला सगळं माहीत होतं, तोही हैदराबादहून येऊन गेला होता, हे त्या फाईलमधल्या सहीवरून कळलं. म्हणजे दिवाणावर जागा धरून बसलेली पुन्हा मीच.

थांबा. आता माझ्याकडचं. मी हे लिहीत असताना सारखं टोचतंय, तर तेही सांगून टाकते.

या वर्षी फेब्रुवारीत माझी नोकरी गेली होती. कंपनीने एका सकाळी अकरा जणांना काढलं, त्यात मी. मे अखेरपर्यंत मला काम नव्हतं. तुम्हाला मी सांगितलं की घरून काम चाललंय. आई, तू म्हणायचीस, "आजकाल दुपारी फोन उचलतेस, बरं वाटतं." खोलीचं भाडं साठवलेल्यातून दिलं, सोनाराकडे जायची वेळ आली नाही, तुझी चेन जागेवर आहे. आताची नोकरी जूनपासूनची. ती खरी आहे. का नाही सांगितलं? तुम्ही काळजी कराल म्हणून. ऐकायला ओळखीचं वाटतं ना? ओंकारेश्वर मलाही येतं, तुमचीच मुलगी आहे.

तर आता माझं म्हणणं ऐका. मला धीराचं काही नको, "सगळं ठीक आहे" नको. हूपरच्या बाबतीत त्या पक्ष्याला सांगितलं तसं सांगा. जे झालं ते, जेवढं माहीत आहे तेवढं. काय होईल ते माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, मला चालेल. रविवारी फोन करेन तेव्हा बाबांनी स्वतः बोलायचं. आईने मागून उत्तरं सुचवायची नाहीत. त्या दिवशी दुखलं कुठे, किती वाजता, कोण घेऊन गेलं, आई त्या रात्री कुठे झोपली, एकटीच होती का, जेवली का. हे मला फाईलमधून कळलेलं नाही.

आणि गोळ्या. मोजायला मी चमकी-गुगलीबरोबर शिकले, तर मोजल्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं बिल ३० सप्टेंबरचं, दहाच्या तीन पट्ट्या. दुसऱ्या दिवसापासून रोज एक म्हणजे आजवर चोवीस जायला हव्यात, सहा उरायला हव्यात. उरल्यात अकरा. बाबा, पाच दिवस कुठे गेले? स्टेंट बसवल्यावर या गोळ्या आपल्या मनाने मधेच सोडायच्या नसतात, नळी पुन्हा बंद होऊ शकते. डॉक्टरांनीही सांगितलं असणार. दिवाळीच्या फराळात विसरलात की पोटात जळजळ होते म्हणून टाळल्यात? जळजळ होत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपाय असतो. सोमवारी सकाळी मी स्वतः डॉक्टरांकडे फोन करून वेळ घेणार आहे. रुसू नका. रुसलात तरी घेणार आहे.

सराफ्यात परवा तुम्ही गराडू खाल्ला नाहीत, "पोट भरलंय" म्हणालात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गराडू नाही म्हणणारे बाबा मी जन्मात पाहिले नव्हते. तळणाबद्दल नक्की काय सांगितलंय तेही रविवारी सांगा. म्हणजे पुढच्या वेळी मी समोर बसून भुट्ट्याचा कीस चापणार नाही, किंवा चापेन तर तुम्हाला दिसेल असा नाही.

दोन वाजत आले. आतलं घोरणं मघाशी थांबलं, मी उठून दारात जाऊन बघून आले. कुशीवर वळला होतात. आईचा हात तुमच्या दंडावर होता.

दोघांना नमस्कार.

तुमची
मनू

ता. क. सेल काही मिळाले नाहीत. कोपऱ्यावरून चार नवे आणले होते. दोन रिमोटमध्ये घातलेत, दोन फ्रिजवर आहेत. ड्रॉवरमध्ये ठेवू नका. आणि आई, उरलेला ओंकारेश्वर डब्यातून घेऊन चाललेय, गाडीत खाईन.